इंजिनची धग आणि कंट्रोलरची पेटी: मशीनवर नव्याने आलेल्यांसाठी

एप्रिल-मे महिन्यात खडी क्रशरवर किंवा रस्त्याच्या कामावर ज्यांनी मशीन सांभाळले आहे, त्यांना हे दुखणे ओळखीचे आहे. सकाळी सातला मशीन एका सेल्फात सुरू होते. अकरापर्यंत काही तक्रार नसते. दुपारी एक-दीडच्या सुमारास डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिनचा जोर उतरतो, कधी मशीन भरल्या बकेटनिशी जागेवर बंद पडते. पाऊण तास थांबले की पुन्हा सुरू, आणि संध्याकाळी तर एकदम ठणठणीत. मग साइटवर कुणीतरी ठरवून टाकतो की ईसीयू (इंजिनचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) गेला. महागडी पेटी मागवली जाते, बसवली जाते, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तोच दिवा.

मी बॅकहो लोडर आणि पोकलेनच्या वायरिंगची कामे करतो. असे मशीन हाताखाली आले तर बहुतेक वेळा पेटी शाबूत असते. तिच्यापर्यंत येणारी वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग) किंवा एखादा सेन्सर उन्हाळ्याच्या धगीने दमलेला असतो. पेटी खरोखर गेलेली असली, तरी ती एका दुपारी जात नाही. कित्येक महिने भाजत राहिलेली असते, आणि त्या काळात कुणी बोनेट उघडून नीट पाहिलेले नसते.

हा त्रास आता वाढला आहे, त्याला कारण आहे. जुन्या बॅकहोला मेकॅनिकल पंप होता. इंजिन चालायला बंद करायच्या सोलेनॉइडपलीकडे (डिझेल तोडणारा विजेचा खटका) वीज फारशी लागतच नसे. चाकांच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून सीईव्ही-४ आणि १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही-५ ही प्रदूषणाची मानके लागू झाली. त्यांच्यासोबत कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणारी पद्धत), ईसीयू, ढीगभर सेन्सर आणि धुराची काजळी अडवणारे फिल्टर आले. त्या फिल्टरमधली काजळी जाळताना आतले तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते. म्हणजे बोनेटखाली नाजूक वस्तूही वाढल्या आणि आगही वाढली, आणि दोघींना जागा मात्र पूर्वीइतकीच.

(या लेखातले सगळे अंश सेल्सिअसचे आहेत.)

पायरी १: उष्णता कोणत्या वाटेने येते ते ओळखा

चुलीपुढे बसले की तोंडाला झळ लागते. मधे सूप धरले की ती त्याच क्षणी थांबते. मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करणारा नळ) आणि टर्बो (त्या धुराने फिरणारा हवेचा पंप) देतात ती हीच झळ. चुलीच्या वर हात नेला तर गरम हवा भाजते. रेडिएटरमधून निघून इंजिनवर येणारा वारा हा तसला. आणि कढईत विसरलेला स्टीलचा झारा आठवा. त्याच्या दांड्याला जाळ लागत नाही, तरी तो चटका देतो. इंजिनच्या ब्लॉकवर किंवा ब्रॅकेटवर आवळलेल्या पेटीत उष्णता अशी धातूतून चढते.

तिन्हींचा उपाय वेगळा. झळेला आडोसा आणि अंतर हवे, वाऱ्याला निघून जायला वाट हवी, आणि धातूतून येणाऱ्या उष्णतेसाठी मधे उष्णता न वाहणारा तुकडा लागतो. नवीन माणूस इथेच चुकतो. तो पेटीभोवती काहीतरी गुंडाळतो आणि झाले म्हणतो.

झळेबद्दल एक हिशेब कायम लक्षात ठेवा. ती तापमानाच्या प्रमाणात वाढत नाही, फार वेगाने वाढते. ५०० अंशांचा मॅनिफोल्ड २५० अंशांच्या मॅनिफोल्डच्या दुप्पट नाही, तर जवळपास पावणेपाच पट झळ फेकतो. पूर्ण लोडवर डिझेल इंजिनचा मॅनिफोल्ड ५०० अंश सहज ओलांडतो. म्हणून रिकामे इंजिन चालवून हात लावून पाहिले आणि 'फार काही तापत नाही' म्हटले, तर ते पाहणे कामाचे नाही.

पायरी २: अंदाज सोडा, मोजा

टेम्परेचर गन हाताशी असेल तर उत्तम, पण ती चकाकत्या पत्र्यावर खोटे बोलते. ॲल्युमिनियमचा चकचकीत भाग खरोखर १०० अंशांवर असला तरी गन बरेच कमी दाखवते. त्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा किंवा काळ्या उष्णतारोधक रंगाचा छोटा ठिपका द्या आणि त्यावर नेम धरा. टेप फक्त पेटीसारख्या जागांवर; एक्झॉस्टवर ती जळेल.

याहून खात्रीचे साधन म्हणजे मल्टीमीटरला जोडायचे के-टाइप थर्मोकपल (टोकाला तापमान मोजणारी वायर). त्याचे टोक पेटीच्या अंगाला, कपलरजवळ आणि पेटीभोवतीच्या हवेत असे तीन ठिकाणी आळीपाळीने बसवा. वायर फॅन आणि बेल्टपासून दूर बांधून केबिनमध्ये घ्या आणि बोनेट बंद करूनच मशीन कामाला लावा. बोनेट उघडे ठेवून घेतलेला आकडा निरुपयोगी, कारण तेव्हा सगळी कोंडलेली हवा वरून निघून जाते. दिवसभर मापायला माणूस नसेल तर तापमानाप्रमाणे कायमचे काळे पडणारे स्टिकर मिळतात. ते पेटीवर लावून संध्याकाळी पाहिले की सर्वाधिक किती तापली ते कळते.

एक मोजमाप इंजिन बंद केल्यावर घ्या. पुढची २० मिनिटे दर दोन मिनिटांनी आकडा लिहा. आकडा खाली येण्याऐवजी वर जाताना दिसेल. फॅन थांबलेला असतो, कूलंट फिरत नाही, पण टर्बो आणि मॅनिफोल्डमधली साठलेली उष्णता अजून बाहेर पडत असते. पुष्कळ मशीनमध्ये पेटीचा दिवसातला सगळ्यात कठीण वेळ हाच असतो, आणि ऑपरेटर तेव्हा जेवायला गेलेला असतो.

आकडे कशाशी ताडायचे? वाहनांसाठीच्या चिपांच्या श्रेण्या असतात: कुणाची मर्यादा ८५ अंश, कुणाची १०५, कुणाची १२५. नेमकी मर्यादा मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. केबिनमध्ये बसवायची पेटी आणि इंजिनवर बसवायची पेटी यांत फरक असतो, म्हणून एकीच्या जागी दुसरी टाकू नका. कूलंट नेहमी ८५ ते ९५ अंशांवर चालते, त्यामुळे ब्लॉकवरची पेटी काही न बिघडताही ९० च्या आसपास बसलेली असते. तिला वरची मोकळीक थोडीच उरते. शिवाय मर्यादेच्या आत असले म्हणजे बिनघोर असेही नाही. पेटीतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. तुम्ही वाचवलेला प्रत्येक अंश पुढे वर्षांच्या रूपाने परत मिळतो.

पायरी ३: हवेची वाट मोकळी करा

कुठलाही पत्रा कापण्याआधी हे करा, कारण यात खर्च नाही. बॅकहो किंवा ऊसतोडणी यंत्रात रेडिएटरच्या पुढे किंवा शेजारी हायड्रॉलिक तेलाचा कूलर, इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा) आणि एसीचा कंडेन्सर असतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि दोन कूलरमधल्या फटीत पाचट, खडीची भुकटी, तेलकट धूळ गादीसारखी बसलेली असते. कूलर बिजागरीवर उघडत असेल तर उघडा. हवा मारताना वारा ज्या दिशेने जातो त्याच्या उलट मारा, नाहीतर धूळ आणखी आत ठासली जाईल. नोझल थोडे लांब आणि सरळ धरा. तिरपी हवा नाजूक पात्या वाकवते, आणि वाकलेली पाती म्हणजे कायमची बंद वाट.

मग रेडिएटरच्या कडेच्या फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या पाहा. त्या निघालेल्या असतील तर फॅनने फेकलेली गरम हवा वळसा घालून पुन्हा रेडिएटरमध्ये शिरते. ही पट्टी गेली म्हणून कुणी तक्रार करत नाही, पण ती गेल्यावर सगळ्या बोनेटखालचे तापमान चढते. फॅनचा बेल्ट, श्राउड (फॅनभोवतीचे कडे) आणि कूलंटची पातळी तपासा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका, उकळते पाणी तोंडावर येते.

काही इंजिनांत ईसीयूला थंड ठेवायला त्याच्या पाठीमागून डिझेल फिरवलेले असते. अशा मशीनची टाकी उन्हाळ्यात तळाला जाऊ देऊ नका. इंजिनकडून परत येणारे डिझेल गरम असते. टाकीत थोडेच डिझेल असेल तर तेच तेच फिरून तापते आणि पेटी थंड करण्याची ताकद गमावते. पाव टाकीच्या खाली गेलो की भरायचे, एवढी सवय पुरते.

पायरी ४: आडोसा उगमाजवळ करा

कंपनीने दिलेले हीट शील्डचे पत्रे जागेवर आहेत का, हे पहिल्यांदा पाहा. एका क्रशरवरच्या बॅकहोची मला आठवण आहे. दुपारी बंद पडायचा, दोनदा सेन्सर बदलून झाले होते. टर्बोशेजारचा पत्रा कुठल्यातरी सर्व्हिसमध्ये काढला होता आणि बोल्ट गंजले म्हणून परत बसवलाच नव्हता. वायरिंगची बाहेरची नळी एका बाजूने बिस्किटासारखी कुरकुरीत झाली होती. पत्रा पुन्हा बसवला, वितभर वायरिंग बदलले, मशीन चालू लागले.

नवीन पत्रा बसवायचा असेल तर साधारण एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या आणि मधे १० ते १५ मिलिमीटर हवेची फट ठेवून दुसरा पत्रा लावा. वर आणि खाली दोन्ही टोके उघडी ठेवा, म्हणजे मधली गरम हवा धुराड्यासारखी वर निघून जाईल. बंद खोका केला तर तीच हवा भट्टी होते. पत्रा एक्झॉस्टला थेट चिकटवू नका, स्वतंत्र ब्रॅकेटवर घ्या. एक्झॉस्टला अगदी लागून असलेल्या पत्र्याला ॲल्युमिनियमऐवजी स्टेनलेस स्टील वापरा. पत्रा चकाकता ठेवा. स्वच्छ ॲल्युमिनियम झळ परतवते; त्यावर काळा रंग किंवा तेलाचा थर चढला की तेच ॲल्युमिनियम झळ पिऊन पुढे टाकते. सर्व्हिसच्या वेळी कापडाने पुसणे हा दुरुस्तीचाच भाग धरा.

मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळण्याची पद्धत दिसते. मी ती टाळतो. कास्टिंग आत तापून तडकू शकते आणि पट्टीत गळणारे तेल मुरून आग लागू शकते. टर्बोसाठी बनवलेले तयार आवरण वेगळे, ते इंजिन बनवणाऱ्याने मान्य केले असेल तर वापरा. जुन्या गॅरेजमध्ये पडलेली ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा पत्रा मात्र कुठल्याही कारणाने हातात घेऊ नका, त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात.

पायरी ५: वायरिंगला सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या मते निम्मी लढाई इथे आहे. चावी काढा, बॅटरीचा कट-ऑफ बंद करा, बकेट आणि बूम जमिनीला टेकवा, इंजिन गार होऊ द्या, मग हात घाला.

वायरिंगचा सगळा मार्ग बोटांनी चाचपत जा. कडक झालेला, तडा गेलेला किंवा चकाकी गेलेला भाग म्हणजे तिथे झळ पोहोचते. वायरिंग आणि एक्झॉस्ट यांत मी निदान वितभर अंतर धरतो. तेवढी जागा नसेल तर मधे पत्रा. अंतराला मोठी किंमत आहे: टर्बोसारख्या लहान तापलेल्या भागापासून अंतर दुप्पट केले तर झळ साधारण चौथ्या हिश्शावर येते. चार बोटांचे आठ बोटे करणे हे कुठल्याही महागड्या स्लीव्हपेक्षा जास्त उपयोगी.

वायर बदलताना घराच्या फिटिंगची पीव्हीसी वायर वापरू नका. ती साधारण ७० अंशांपर्यंतची असते. वाहनांसाठीची चांगली पीव्हीसी वायर १०५ पर्यंत, एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणारे प्लास्टिक) १२५ पर्यंत, सिलिकॉन १८० च्या आसपास आणि टेफ्लॉनची २६० पर्यंत टिकते. सिलिकॉनची वायर उष्णता सोसते पण घासली की लगेच कापली जाते, म्हणून तिच्यावर स्लीव्ह हवीच. फायबरग्लासवर सिलिकॉन चढवलेली जाड स्लीव्ह सुमारे २६० अंश सतत सोसते. पण स्लीव्ह झळ अडवते आणि तापायला उशीर लावते, एवढेच तिचे काम. आजूबाजूची हवाच दिवसभर १२० अंशांवर असेल तर आतली वायरही शेवटी १२० वर जाणार.

साधे नायलॉनचे टाय ८५ अंशांच्या वर ठिसूळ होतात आणि हादऱ्याने तुटतात. मग वायरिंग लोंबते आणि नेमके गरम पाइपवर जाऊन टेकते. इंजिनजवळ रबर लावलेल्या धातूच्या पी-क्लिप वापरा. जोड मारताना डाग देण्यापेक्षा (सोल्डरिंगपेक्षा) योग्य पानाने क्रिम्प करा (दाबून जोडा) आणि वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब लावा. डाग दिलेली वायर डागाच्या कडेला ताठ होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते. इंजिन आणि चासी दोन्हींवर टोके असलेल्या वायरिंगला थोडी ढील द्या. इंजिन रबरावर डोलत असते.

कपलर उघडून आत पाहा. हिरवट किंवा काळपट पिन, ढिली पडलेली फीमेल पिन, सील फाटलेले. तापणे आणि गार होणे या रोजच्या खेळात धातू आणि प्लास्टिक वेगवेगळ्या मापाने फुगतात, पिना हलकेच घासत राहतात आणि त्यांच्यावर न दिसणारा थर चढतो. सकाळी चालते आणि दुपारी नाही, याचे हे एक नेहमीचे कारण. रिकाम्या भोकांत बंद करायचे प्लग नसतील तर ते बसवा.

पायरी ६: पेटीची जागा, आणि तिला गुंडाळू नका

पेटी स्वतःही तापते. इंजेक्टर चालवणारी सर्किटे आत उष्णता निर्माण करतात आणि ती ॲल्युमिनियमच्या कवचातून बाहेर जाणे अपेक्षित असते. तिला ग्लासवूल किंवा फोममध्ये गुंडाळले तर तिचा श्वास कोंडतो. आडोसा तापणाऱ्या वस्तूकडे करायचा, पेटीभोवतीची हवा खेळती ठेवायची.

पेटीखालचे रबर बुश हादरे आणि धातूतून येणारी उष्णता दोन्ही अडवतात. ते टणक झाले असतील तर बदला, पण मूळ मापाचेच घाला. रबरावर बसलेल्या पेटीला वेगळी अर्थिंगची पट्टी असते, ती पुन्हा जोडायला विसरू नका. कवचावर पात्या असतील तर त्या उभ्या राहतील अशी मांडणी ठेवा, आणि कपलरचे तोंड खाली किंवा आडवे असू द्या. वायर खाली झोळ देऊन मग वर कपलरकडे न्या. पाणी झोळाच्या तळातून टपकून जाते.

जीपीएस, कॅमेरा किंवा ब्रेकरचा कंट्रोलर नंतर बसवायचा असेल तर बोनेटखाली जागा शोधूच नका. केबिनमध्ये सीटखाली किंवा सीटमागे घ्या. काचेजवळचा डॅशबोर्ड आणि छताचा पत्रा टाळा. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद केबिनचा डॅशबोर्ड उन्हाने ७० च्या पुढे जाऊ शकतो, इंजिन सुरू न करताही.

पायरी ७: बंद करण्याची आणि धुण्याची पद्धत बदला

लोडवरचे मशीन झटकन बंद करू नका. तीन ते पाच मिनिटे रिकामे चालू द्या. टर्बोच्या बेअरिंगसाठी हे सांगितले जाते, पण पेटीलाही त्याचा तितकाच फायदा होतो, कारण बंद होण्याआधीच मॅनिफोल्डची बरीच उष्णता निघून जाते. शक्य असेल तर त्यानंतर बोनेट पंधरा-वीस मिनिटे उघडे ठेवा.

आणि गरम मशीनवर पाणी मारू नका. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचे आहे. तापलेल्या पेटीतली हवा फुगलेली असते. वरून गार पाणी पडले की ती एकदम आकसते, आत पोकळी तयार होते आणि सीलच्या बारीक फटीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पेटीवरची छोटी श्वास घेणारी जाळी याच कारणासाठी असते. ती चिखलाने किंवा रंगाने बुजली असेल तर सगळा ओढा कपलरच्या सीलवर येतो. त्या दिवशी काहीच होत नाही. दोन महिन्यांनी पिना गंजलेल्या सापडतात. मशीन गार झाल्यावर धुवा आणि प्रेशरचा झोत पेटी, कपलर, अल्टरनेटर यांच्यावर रोखू नका.

पायरी ८: तरीही दुपारी बंद पडले तर

बंद पडल्याबरोबर, गार होण्याआधी तपासा. स्कॅनरवर कोड वाचा. जे१९३९ (मशीनमधल्या पेट्यांची आपसात बोलण्याची पद्धत) वापरणाऱ्या मशीनमध्ये एसपीएन म्हणजे बिघाड कशाचा ते सांगणारा क्रमांक; त्यात ११० हा कूलंटच्या तापमानाचा आणि ११३६ हा खुद्द ईसीयूच्या तापमानाचा क्रमांक. ११३६ आला तर पेटी स्वतःच तापल्याचे सांगते आहे, पायरी ३ आणि ४ कडे परत जा. एखाद्या सेन्सरवर एफएमआय (बिघाडाचा प्रकार सांगणारा क्रमांक) ३, ४ किंवा ५ आला तर आधी वायर आणि कपलर.

चावी बंद करून कॅनच्या (पेट्यांमधले निरोप नेणाऱ्या) दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. दोन्ही टोकांना १२० ओमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० ओमच्या आसपास आकडा हवा. १२० आला तर एक टोक तुटलेले आहे. मग सेल्फ मारताना ईसीयूच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज पाहा, ०.२ व्होल्टच्या वर गेले तर थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) काढून घासा.

दोष गरमपणातच दिसत असेल तर इंजिन गार असताना हेअर ड्रायरने एकेक कपलर, एकेक सेन्सर तापवत जा. एका जागी दिवा लागेल. हॉट एअर गन वापरू नका, ती प्लास्टिक वितळवते. मशीनवर वेल्डिंग करायचे निघाले तर बॅटरी आणि ईसीयूचे कपलर दोन्ही आधी काढा.

काम झाले की तारीख, बाहेरचे तापमान, पेटीचा सर्वाधिक आकडा आणि तो कुठे मोजला हे मशीनच्या वहीत लिहा. पुढच्या एप्रिलमध्ये बाहेर तितकेच ऊन असताना त्याच जागी आकडा १० अंशांनी वर दिसला, तर सगळ्यात आधी रेडिएटर आणि कूलर यांच्यामधली फट उघडून पाहा.